रंग शेवटी, आधी ब्रेक: जुन्या गाडीवाल्यांच्या पत्रांना उत्तरं

मागच्या अंकात आम्ही एवढंच विचारलं होतं की घरी, सुट्टीच्या वेळात जुनी मोटरसायकल नीट करायलंय का कोणी, अडचण असली तर कळवा. पत्रं लई आली, सगळी छापता येत नाहीत, त्यातली पाच घेतलीत. ज्यांचे प्रश्न सारखेच होते त्यांनी आपलं उत्तर यातच शोधावं.

प्रश्न: काका, नमस्कार. आमच्या आबांची राजदूत 175 शेतात आखाड्यावर पत्र्याखाली 18 वर्षं उभी आहे, वरून कडबा टाकलेला होता. आता किक खाली जातच नाही, दगडासारखी बसलीय. गावातला मिस्त्री म्हणतोय भंगारात घाला, आणि एक जण म्हणतोय जशी आहे तशी मला द्या. मी शाळेत शिक्षक आहे, रविवार आणि संध्याकाळ एवढाच वेळ. सुरुवात कुठून करू? पहिल्यांदा रंग देऊन घेऊ का, म्हणजे घरच्यांना पण बरं वाटेल?
– एक वाचक, सेलू, जि. परभणी

उत्तर: गुरुजी, पहिलं म्हणजे गाडी कोणाला देऊ नका, आणि दुसरं म्हणजे रंग आत्ता नाही. रंग सगळ्यात शेवटी. हे मी पोटतिडकीनं सांगतोय कारण माझ्या मामाच्या राजदूतला मी आधी रंग मारून घेतला होता, चकचकीत हिरवा, सगळं गाव बघायला आलं, आणि मग इंजिन उतरवावं लागलं तेव्हा चेसीस, टाकी, मडगार्ड सगळीकडं पान्याचे ओरखडे आणि डिझेलचे डाग. सहा महिन्यांचे साठवलेले पैसे एका दुपारी गेले. आणि खरं सांगायचं तर रंगात चमकणारी पण ब्रेक न लागणारी गाडी ही धोक्याची वस्तू आहे.

आता तुमच्या जाम इंजिनाचं. 18 वर्षं उभी म्हणजे पिस्टनची रिंग सिलेंडरला गंजून चिकटलीय, बहुतेक वेळा तेवढंच असतं. किकवर उभं राहून उड्या मारू नका! किकचे दाते तुटतात, नाहीतर रिंग तुटून तिचा तुकडा सिलेंडरला घासतो, आणि जे काम ऑइल टाकून झालं असतं त्याला लेथवर जावं लागतं. प्लग काढा, त्या भोकातून अर्धं डिझेल अर्धं टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक गाडीच्या पेट्रोलमधे मिसळतात ते) असं 50-60 मिली आत सोडा, प्लगच्या जागी फडकं कोंबा आणि चार-पाच दिवस विसरून जा. मधे एकदा परत थोडं टाका. मग गाडी मेन स्टँडवर घ्या, वरचा म्हणजे तिसरा गेर टाका आणि मागचं चाक हातानं पुढं-मागं हलवा, जोर नाही लावायचा, नुसतं डुलवायचं. आज केसभर हललं तर उद्या बोटभर हलतंय. आठवडा लागला तरी लागू द्या. नाहीच हललं तर हेड, म्हणजे सिलेंडरचं वरचं झाकण, उघडून वरून बघा, पण हातोडीनं पिस्टन ठोकू नका.

चाक फिरलं की माणूस खूश होऊन लगेच पेट्रोल टाकून किक मारतो, तिथंच चूक होते. राजदूत टू-स्ट्रोक आहे. टू-स्ट्रोकमधे क्रँकच्या (पिस्टनची वर-खाली हालचाल गोल करणाऱ्या दांड्याच्या) खाली फोर-स्ट्रोकसारखं वेगळं ऑइल नसतं, पेट्रोलमधे मिसळलेल्या ऑइलवरच क्रँकची बेअरिंग आणि कनेक्टिंग रॉड जगतात, आणि पेट्रोल-हवेचं मिश्रण त्या क्रँकच्या डब्यातूनच वर जातं. म्हणून दोन्ही बाजूचे ऑइल सील एकदम घट्ट पाहिजेत. 18 वर्षांत ते रबर लाकडासारखं झालेलं असणार. एका बाजूचं सील गेलं तर बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, गाडी आपोआप रेस होते, तापते आणि पिस्टन पकडते. दुसऱ्या बाजूचं गेलं तर गेरबॉक्सचं ऑइल आत ओढलं जातं आणि पांढऱ्या धुराचा लोट थांबतच नाही. तेव्हा तुमच्या गाडीचं इंजिन एकदा पूर्ण उघडावंच लागंल, सील, बेअरिंग, पॅकिंग नवीन. हे काम तुम्ही स्वतः कराच असा माझा हट्ट नाही, क्रँक दाबायला प्रेस लागतो, सिलेंडर बोअर करायला, म्हणजे आतून कातून मोठा करायला, लेथ लागतो. पण इंजिन उतरवायचं, धुवायचं आणि परत बसवायचं ते तुम्ही करा, आणि लेथवाल्याकडं सिलेंडर आणि नवीन पिस्टन दोन्ही बरोबर घेऊन जा. पिस्टन मूळ मापापेक्षा 0.25, 0.50, 0.75 मिमी मोठे, अशा ओव्हरसाइजमधे येतात, आधी पिस्टन हातात घ्यायचा आणि त्याच्या मापानं बोअर करायचं, उलटं नाही. रिंग बसवताना पिस्टनच्या खाचेत बारीक पिन असते, रिंगेचं तोंड बरोबर त्या पिनेवरच आलं पाहिजे, नाहीतर ते सिलेंडरच्या भिंतीतल्या खिडकीत अडकून तुटतंय.

एक मनातली गोष्ट सांगतो. इंजिन कुठं सोडून येऊ नका. माझं एकदा एका गॅरेजात दोन महिने पडून होतं, परत आलं तेव्हा मॅग्नेटची कॉइल दुसरीच, जुनी, ती पण गेलेली. मला ते सिद्ध करता आलं नाही कारण मी फोटो काढले नव्हते. म्हणून पहिला बोल्ट सोडायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा, चारी बाजूंनी, वायरिंगचे जवळून, केबल कुठून कशी जाते त्याचे. आणि श्रीखंडाचे रिकामे डबे जमवा, एका डब्यात एकाच ठिकाणचे नट-बोल्ट, आत चिठ्ठी, चिठ्ठी पेन्सिलीनं लिहायची कारण शाई डिझेलनं जाते. शिक्षक माणूस आहात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा नीट जमंल.

क्रम असा धरा की पहिले दोन-तीन महिने इंजिन, त्याच्यासोबतच ब्रेक, मग चाकं आणि टायर, मग वायरिंग. टायरवर नक्षी दिसली म्हणून तेच ठेवू नका, उन्हानं रबर मरतंय. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन साल, ते बघूनच विकत घ्या, दुकानात पडून जुना झालेला पण नको. ब्रेकचा ड्रम उघडल्यावर आतली काळी धूळ फुंकून उडवू नका, त्या काळच्या ब्रेक लायनिंगमधे ॲस्बेस्टॉस असायचं, ते फुप्फुसात गेलं की निघत नाही. ओल्या फडक्यानं पुसायचं, फडकं पिशवीत बांधून टाकायचं. वायरिंग जुन्या राजदूतचं 6 व्होल्टचं असतं, दिवा मंद आहे म्हणून कोणाचं ऐकून त्याला 12 व्होल्टची बॅटरी जोडू नका, बल्ब आणि हॉर्न दोन्ही जातील. आधी अर्थिंग घासून साफ करा, अर्धा उजेड तिथंच अडकलेला असतो.

राजदूत मुळात पोलंडच्या एसएचएल एम-11 गाडीवरून घेतलेली, एस्कॉर्ट्सनं फरीदाबादला बनवलेली, 173 सीसी, तीन गेर. दुधाचे कॅन, खताची पोती, पुढं टाकीवर एक पोरगं आणि मागं दोन माणसं घेऊन ती आपल्या काळ्या मातीच्या रस्त्यानं चाललीय. पार्टसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जुन्या ऑटोपार्टच्या दुकानात जाऊन स्वतः बसा, जुना पार्ट हातात घेऊन. म्हातारे दुकानदार माळ्यावरून काढून देतात, फोनवर विचारलं तर नाहीच म्हणतात.

प्रश्न: सर, माझ्या पप्पांची 1991 ची आरएक्स 100 आहे. पप्पा दोन वर्षांपूर्वी गेले. आरसी बुक त्यांच्या नावावर, मुदत कधीच संपलेली. भाऊ म्हणतो 15 वर्षं झालेली गाडी सरकार भंगारातच घालतं, तू कशाला वेळ घालवतीस. मला ती शिकून स्वतः नीट करायची आहे. कागदाचं काय?
– एक वाचक, लातूर

उत्तर: ताई, भावाला सांगा, 15 वर्षं झाली की भंगार असा नियम आपल्याकडं खाजगी दुचाकीला नाही. दिल्लीच्या बातम्या ऐकून लोकांचा असा समज झालाय. नोंदणी 15 वर्षांची असते, पुढं गाडी तपासून ती दर वेळी 5 वर्षांनी वाढवून मिळते. पण कागद आधी बघा आणि पाने-पकड नंतर हातात घ्या, हे तुम्ही बरोबर विचारलंत.

तुमच्या बाबतीत कामं दोन आहेत, वारस म्हणून गाडी नावावर करणं आणि नोंदणीचं नूतनीकरण. वारसासाठी फॉर्म 31, सोबत मृत्यू प्रमाणपत्र आणि घरातल्या बाकीच्या वारसांची संमती लागते, तेव्हा आई आणि भाऊ दोघांशी आधी बोलून घ्या. नियमानं मालक वारल्यावर 30 दिवसांत कळवायचं आणि 3 महिन्यांत अर्ज करायचा असतो, तुमचा उशीर झालाय, पण त्यानं काम बंद पडत नाही, आता लांबवू नका एवढंच. नूतनीकरणाला फॉर्म 25. त्याची दुचाकीची फी एप्रिल 2022 पासून 1000 रुपये होती, आणि 20 वर्षांपेक्षा जुन्या गाडीला ऑगस्ट 2025 पासून 2000 रुपये केलीय. उशिराचे महिन्याला 300 रुपये नियमात आहेत, शिवाय पर्यावरण कर, म्हणून गाडीवर एक रुपया घालायच्या आधी लातूरच्या आरटीओत जाऊन सगळा हिशोब लिहून आणा. तुमचं जुनं पुस्तक संगणकात चढलेलं नसंल तर आधी ती नोंद करून घ्यावी लागते, त्याला बॅकलॉग म्हणतात, हा शब्द खिडकीवर सांगितला की त्यांना पटकन कळतंय. मग इन्शुरन्स, पीयूसी आणि नवीन हाय सिक्युरिटी नंबर प्लेट.

एक गोष्ट मात्र जिवापाड जपा, चेसीस नंबर. तपासणीला गाडी नेली की तोच बघतात. गंज काढायच्या नादात कोणी त्यावर ग्राइंडर फिरवला किंवा लांबी भरली की गाडी कागदावर मेली. त्या जागेवर नुसतं डिझेल आणि मऊ ब्रश, आणि रंगाच्या वेळी त्यावर ग्रीस लावून टेप.

शिकायचं म्हणालात तर आरएक्ससारखी गाडी नाही. 98 सीसी, हलकी, हवेनं थंड होणारं एकच सिलेंडर, पार्ट मिळतात. टू-टी ऑइलची टाकी वेगळी आहे, पंप ते इंजिनात सोडतो. पण इतकी वर्षं उभ्या गाडीच्या पंपावर विश्वास ठेवायचा नाही, पहिल्या दोन-तीन टाक्यांना पेट्रोलमधे पण लिटरला 20 मिली ऑइल टाका, पंप चालतोय अशी खात्री झाली की बंद करा. पप्पांच्या हातचे टाकीवरचे पोचे, त्यांनी चिकटवलेलं काही असंल तर ते घाईत काढू नका. ते काढायला पाच मिनिटं लागतात, परत आणता येत नाही.

प्रश्न: दादा, येझदी मागच्या दिवाळीत पूर्ण केली, बोअर नवीन, पिस्टन नवीन. सकाळी एका किकमधे चालू होते. दहा-बारा किलोमीटर गेलं की, त्यातल्या त्यात घाट चढताना, दम सोडते आणि बंद पडते. अर्धा तास थांबलं की परत चालू. तीन मिस्त्री झाले, कार्बोरेटर चार वेळा साफ केला.
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर: कार्बोरेटर बिचारा उगीच मार खातोय. पुढच्या वेळी बंद पडली की त्याच क्षणी, रागावायच्या आधी, किक हातानं दाबून बघा. किक जड लागली, अडकल्यासारखी, तर पिस्टन तापून सिलेंडरला पकडतोय, नवीन बोअर घट्ट झालंय नाहीतर ऑइल कमी पडायलंय. मग गाडी तिथंच थांबवा, तशीच दामटत राहिलात तर दिवाळीचा सगळा खर्च घाटात राहील. जुन्या टू-स्ट्रोकला आणि तेही नवीन बोअरला लिटरला 40 मिली ऑइल, म्हणजे 25 ला 1, त्यात कंजूषी नको, आणि पहिले काही शे किलोमीटर एकट्यानं, अर्ध्या रेसवर.

किक नेहमीसारखी हलकी असंल तर दुसरं काम करा, टाकीचं झाकण उघडा. फुस्स असा आवाज येऊन गाडी चालू झाली तर झाकणातलं हवेचं बारीक भोक बुजलंय, टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल खाली उतरत नाही. नवीन रंगात ते भोक हमखास बुजतं!

आवाज नाही आला तर प्लग काढून हेडला टेकवून किक मारा, पेट्रोलपासून लांब. ठिणगी निळी आणि टणक पाहिजे. पिवळी, केसासारखी दिसली तर कंडेन्सर. माझा तर आधीपासूनच संशय त्याच्यावर आहे, कारण गार असताना चांगला आणि तापला की मेला, थोडं थांबलं की परत जिवंत, ही कंडेन्सरचीच खूण. पॉइंट म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणारे दोन संपर्क, ते उघडताना तिथं होणारी ठिणगी कंडेन्सर गिळतो, तो दुबळा झाला की ठिणगी प्लगवर जायच्या ऐवजी पॉइंटवरच जळते, पॉइंट काळे-निळे पडलेले दिसतील. नवीन कंडेन्सर घाला, पॉइंट बारीक पॉलिश पेपरनं साफ करून गॅप 0.4 मिमी ठेवा. आणि एक कंडेन्सर कायम खिशात. येझदी बनवणारा म्हैसूरच्या आयडियल जावाचा कारखाना 1996 लाच बंद झाला, त्यामुळं आता बाजारात मिळणारे कंडेन्सर सारख्या दर्जाचे नसतात, नवीन घातला म्हणजे तो चांगलाच असा भरवसा धरू नका, दोन आणा.

प्रश्न: टाकीत आतून गंजाचे पापुद्रे निघतात. मित्र म्हणतो संडास साफ करायचं ॲसिड टाक. आणि आताच्या पेट्रोलनं जुनी गाडी खराब होते हे खरं का? मी कॉलेजला आहे, पैसे कमी आहेत.
– एक वाचक, हिंगोली

उत्तर: ते ॲसिड अजिबात नको, पत्रा खाऊन टाकतं आणि वास छातीत जातो. किराणा दुकानात सायट्रिक ॲसिड मिळतं, लिंबूसत्व म्हणतात, लिटरभर कोमट पाण्याला 100 ग्रॅम. कॉक, म्हणजे टाकीखालची पेट्रोलची तोटी, काढून भोक बंद करा, टाकी गळ्यापर्यंत भरा, एक दिवस-रात्र ठेवा, झाकण घट्ट लावू नका कारण आत गॅस होतो. त्याच्या आधी मूठभर नट टाकून टाकी चांगली हलवून घेतली की मोठे पापुद्रे सुटतात, नट मोजून टाका आणि मोजून काढा. मग ओता, खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा, साध्या पाण्यानं धुवा आणि लगेच उन्हात सुकवा, आपल्या एप्रिल-मेच्या उन्हाचा हा एक फायदा आहे. सुकली की त्याच तासाला आत थोडं टू-टी ऑइल फिरवा, नाहीतर संध्याकाळपर्यंत परत लाल होती. टाकीला भोक निघालं तर वेल्डिंगवाल्याकडं तशीच नेऊ नका. रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ असते आणि भरलेल्या टाकीपेक्षा तीच जास्त फुटते, माणसं गेलीत त्यानं.

पेट्रोलचं म्हणाल तर आता पंपावर 20 टक्के इथेनॉलवालं मिळतं, आपल्याच उसातनं पण निघतंय ते. चालत्या गाडीला रोजच्या वापरात तेवढा त्रास होत नाही, उभ्या गाडीला होतो. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, पाणी जास्त झालं की ते दोन्ही मिळून तळाला बसतात आणि कॉक तळातूनच ओढतो. तुम्हाला तपासायचं असंल तर टाकीच्या तळाचं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून तासभर ठेवा, खाली वेगळा थर दिसला की सगळं काढून टाका. जुनी रबरी नळी आणि कॉकमधलं बूच पण त्यानं फुगतं, मऊ पडतं, ते दोन्ही बदलायला फार पैसे लागत नाहीत, आधी तेच बदला. गाडी महिनाभर उभी राहणार असंल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामं करून ठेवा. कार्बोरेटरचा जेट साफ करायला वायरीतली तांब्याची एक बारीक तार घ्या, स्टीलची तार किंवा सुई घातली की भोक मोठं होतं.

प्रश्न: सिडकोत फ्लॅटमधे राहतो, खाली पार्किंगमधे जुन्या बुलेटचं काम करायलोय. मॅट काळा रंग आणि सायलेन्सरची जाळी काढायचा विचार आहे. पावसाळ्यात रंग उरकून घेऊ का?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर: जाळी काढू नका. शेजारी म्हातारी माणसं असतील, परीक्षेची पोरं असतील, आणि कायद्यानं पण ते चालत नाही. काळा रंग द्यायचा तर द्या, पण आरसीवर जो रंग लिहिलाय तो बदलला की आरटीओत नोंद करून घ्यावी लागते. माझं मत विचाराल तर मूळ रंगच द्या, टाकीच्या खालच्या बाजूला, सीटच्या आत तो अजून शाबूत सापडतो, तिथून रंगवाल्याला जुळवून घेता येतो.

पावसाळ्यात नाहीच. हवेतल्या ओलीनं रंगावर पांढुरका धूर बसल्यासारखं होतं. मे महिन्यात पण नको, 42-43 डिग्रीत रंग पत्र्यावर पोचेपर्यंतच सुकतो आणि हात फिरवला की खरखर लागते. आपल्याकडं दिवाळीनंतर ते फेब्रुवारी, सकाळी दहाच्या पुढं. हार्डनरवाला दोन डब्यांचा रंग पार्किंगमधे मारू नका, त्यातलं आयसोसायनेट दम्याचा आजार लावतं आणि तोंडाला बांधलेला रुमाल त्याला काही अडवत नाही. ते काम रंगाचा बंद बूथ असलेल्याकडंच द्या. चेसीस आणि स्टँडला पावडर कोटिंग बरं, वाळूज-चिकलठाण्याच्या बाजूला करून मिळंल, पण ते भट्टीत 180-200 डिग्रीला भाजतात, तेव्हा बेअरिंग, बुश, रबर एकूण एक काढून द्या आणि चेसीस नंबर झाकलाय का ते स्वतः उभं राहून बघा. मागनं फोनवर सांगितलेलं ते करत नाहीत.

आणि पार्किंगमधे पेट्रोल उघड्या भांड्यात ठेवू नका, त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरकत मीटरच्या पेटीपर्यंत जाते. धुवायला डिझेल घ्या, वाळूची एक बादली शेजारी ठेवा. सोसायटीच्या लोकांना एकदा बोलवून काम दाखवा, त्यातल्या एखाद्याच्या वडिलांची पण बुलेट असंलच, तो दुसऱ्या रविवारी पाना धरायला येतो.

सेलूच्या गुरुजींनी चाक हललं की कळवावं, किती दिवस लागले ते पण लिहा.